नंबर येईपर्यंत हात मागे

परवा दुकानातला कॉम्प्युटर अगदीच रेंगाळायला लागला, म्हणून जुनं काय काय आहे ते उडवायला बसले. आंबिवली स्टेशनच्या बाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, बॅनर, सगळं एकाच टेबलावर. त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात अर्ध्या आंबिवलीचा संसार पडलेला असतो. उडवत उडवत ‘सुजाता’ नावाच्या फोल्डरपाशी आले आणि तिथे काही बटण दाबवेना.

त्यात सात फोटो आहेत. सगळे पासपोर्ट साइज, मागे पांढरं, दोन्ही कान दिसणारे, चेहऱ्यावर हसू नको ही सूचना पाळलेले. पहिल्यात वेणी आहे आणि गाल भरलेले आहेत. सहाव्यात केस कापलेत आणि डोळ्यांखाली काळं आलंय. पासपोर्ट फोटोत हात कुणाचेच दिसत नाहीत, पण कॅमेरा माझ्या हातात होता, मला माहीत आहे. पहिल्या सहा फोटोंच्या वेळी सुजाता मोरे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभी होती. सातवा फोटो खूप नंतरचा. तो काढताना ती एका हाताने केस सारखे करत होती आणि दुसऱ्या हाताने मला घाई करत होती.

सुजाता ही आमच्या मागच्या चाळीतल्या भिकाजी मोरेकाकांची एकुलती एक लेक. आई ती दहावीत असतानाच गेली. काका जवळच्याच एका कारखान्यात होते, तो बंद पडला तेव्हा घरी बसले. पोरीला डॉक्टर करायचं हे त्यांनी ती रांगत असतानाच ठरवलेलं असावं. इथे सीट मिळाली नाही म्हणून किर्गिझस्तानला पाठवली. हा देश चाळीत कुणाला नकाशात दाखवता आला नसता, मला पण नाही. सहा वर्षांनी ती परत आली, काकांनी घरोघर पेढे दिले आणि आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की आपल्या चाळीत आता डॉक्टर आहे.

कुठलं काय. सुजाता आलेली, डॉक्टर यायची बाकी होती. बाहेरच्या देशात शिकून आलेल्यांना इथे आधी एक परीक्षा द्यावी लागते. तीनशे प्रश्न, दीडशे बरोबर आले तर पास. ती सुटली की राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे कागद पाठवायचे, मग तात्पुरता नोंदणी नंबर, मग इस्पितळात वर्षभर मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम, आणि मग पक्का नंबर. हे सगळं तिने मला दुकानात उभं राहून समजावलं, कारण तिच्या कागदांच्या झेरॉक्स मीच काढत होते. तिची फाईल मी तिच्यापेक्षा जास्त वेळा पाहिली असेल.

“बरं,” मी म्हटलं, “मला दोन दिवस कणकण वाटतेय. ताप आहे का बघ जरा.”

तिचे हात लगेच मागे गेले. “थर्मामीटर तुम्हीच लावा, मावशी. आकडा पण तुम्हीच वाचा. मी ऐकते.”

“अगं, कपाळाला हात लावायला नंबर कशाला पाहिजे? माझी आई लावायची, तिला कुठे नंबर होता?”

“तुमच्या आईला कुणी डॉक्टर समजत नव्हतं. मला समजतात. नंबर नाही तोवर हात नाही.”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी शिकून आली आणि एवढा ताठा, असं मी तिच्या पाठीमागे दोघी-तिघींना बोलले पण. पुढे कळलं की तो ताठा नव्हता. तिचं म्हणणं असं, की एकदा कपाळाला हात लावला की दुसऱ्या दिवशी नाडी, तिसऱ्या दिवशी एखादी गोळी, आणि चौथ्या दिवशी आपणच विसरून जातो की आपल्याला अजून परवानगी नाही. म्हणून सुरुवातच करायची नाही. चालताना, बोलताना, बाजारात, हात मागे. तिशीच्या आतली मुलगी शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी चालायची. चाळीतली पोरं तिच्या मागून हात बांधून लाईनीत चालायची, आणि ती वळून बघायची सुद्धा नाही.

शहाडला साठे डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे ती केसपेपर लिहायला बसायची. साठे डॉक्टर पंचाहत्तरीचे, जुन्या वळणाचे. ते मला एकदा म्हणाले, “शैलाताई, ही मुलगी म्हणजे एक नमुना आहे. मी समोर बसलोय, मी म्हणतोय की बाई, जरा रक्तदाब घे, माझी जबाबदारी. तर म्हणते, ‘नंबर आला की घेते, सर.’ मला आयुष्यात कुणी इतक्या नम्रपणे ‘नाही’ म्हटलेलं नाही.” ते वैतागून बोलत होते, पण दवाखाना बंद केल्यावर तासभर तिचा अभ्यास तेच घ्यायचे.

आता हात बांधलेले, पण तोंड आणि कान तर मोकळे होते. त्यांचं तिने जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही. चाळीत कुणी म्हणालं की बरं नाही, तर ती त्याच्यासमोर हात मागे घेऊन उभी राहायची आणि चार प्रश्न विचारायची. कधीपासून? नेमकं कुठे? कशाने वाढतं? कशाने कमी होतं? तुम्ही काहीतरी ठोकून दिलंत तर चालायचं नाही. “परवापासून म्हणजे कुठल्या वारी? जेवणाआधी की नंतर? बोट ठेवून दाखवा.” सगळं काढून घेतलं की त्याची दोन-तीन वाक्यं करायची आणि तुमच्याकडून पाठ करून घ्यायची. “हेच डॉक्टरांना सांगायचं. मध्ये सुनेचं सांगायचं नाही, व्याह्यांचं सांगायचं नाही. हेच.” झालेलं काय असेल ते ती कधीही सांगायची नाही. कुठे जायचं आणि आज जायचं की उद्या चालेल, एवढंच सांगायची.

माझंच सांगते. पोटात दुखायचं, मी आपली सोडा पिऊन दिवस काढत होते. तिने मला दुकानातच पकडलं, दोन गिऱ्हाइकं उभी असताना. पंधरा मिनिटं तिने माझी उलटतपासणी घेतली. मग मी कल्याणला एका सर्जनकडे गेले, खुर्चीत बसले आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणून टाकलं. “तीन आठवड्यांपासून, उजवीकडे बरगडीखाली, तेलकट खाल्लं की अर्ध्या तासात सुरू होतं आणि मागे खांद्याकडे जातं. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत.” सर्जनने पेन खाली ठेवलं. म्हणाला, “बाई, तुम्ही नर्स आहात का?” मी म्हटलं, नाही, झेरॉक्सवाली आहे. त्याने विचारलं, “आंबिवलीच्या का? तुमच्या चाळीतून येणारे सगळे असंच बोलतात.” पित्ताशयात खडे निघाले. त्या दिवसापासून मी तिच्या ताठ्याबद्दल बोलणं बंद केलं.

पण सगळ्यांना ते पटण्यासारखं नव्हतं. माझ्या दुकानाबाहेर संध्याकाळी यमुनाबाई मासळी घेऊन बसतात. खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या, साठीच्या पुढच्या. जीभ अशी की गिऱ्हाईक भाव करायच्या आधीच घाबरतं. एकदा शिंगाळा माशाचा काटा त्यांच्या पायात घुसला. त्यांनी हळद लावली आणि धंदा चालू ठेवला. चौथ्या दिवशी पाय टम्म. सुजाता दवाखान्यातून येत होती, तिला हाक मारून पाय पुढे केला. “बघ गो बाय, काय झालंय ते.”

सुजाता खाली बसली. अगदी नाक पायाला लागेल इतकी वाकली. हात मात्र मागे. चार प्रश्न विचारले, मग पाचवा विचारला, “तहान फार लागते का हल्ली?” आणि उठली. “आत्ता कल्याणला जायचं. उद्या नाही, आत्ता.”

“अगो, दाबून तर बघ. एवढी डॉक्टरकी शिकलीस नं?”

“नाही बघता येणार, यमुनामावशी. रिक्षात बसा.”

“हात लावशील तर झिजशील काय?”

तिने रिक्षा थांबवली, टोपली माझ्या दुकानात ठेवली आणि त्यांच्याबरोबर गेली. दोन दिवस त्यांच्या उशाशी होती. परीक्षेआधीच्या शेवटच्या आठवड्यातला अभ्यास बुडाला, आणि त्या वेळची परीक्षा तिची दोन मार्कांनी गेली. यमुनाबाईंना साखर निघाली, एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. पण यमुनाबाईंनी मनात एकच धरलं, की पोरीने वेळेवर हात लावला असता तर बोट पण वाचलं असतं. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. समोरून गेली की टोपलीकडे बघायच्या.

इस्पितळातून आली त्या दिवशी सुजाता माझ्या दुकानात स्टुलावर बसली. मी चहा पुढे केला तर तिने कप बाजूला ठेवला. म्हणाली, “मावशी, मला ना, त्यांच्या पायावरची नाडी बघायची होती. फक्त दोन बोटं ठेवायची होती.” आणि रडली. मी तिला जवळ घेतलं. ती तेवढ्यात सुद्धा हात मागेच न्यायला बघत होती, इतकी सवय झालेली. मला तेव्हा कळलं की ही पोरगी स्वतःचे हात रोज बांधते आणि रोज तिला दुखतं.

आणि घरात तिच्यापेक्षा हट्टी माणूस होता. मोरेकाकांचं डोकं सकाळी दुखायचं, जिना चढताना थांबायचे. कुणीही म्हणालं असतं, बीपी बघून घ्या. काका बाही खाली ओढून म्हणायचे, “हा दंड सुजाताच्या नावावर ठेवलाय. पहिलं बीपी ती बघणार. तोवर कुणाचा पट्टा नाही.” साठे डॉक्टर स्वतः घरी आलेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. सुजाताने विचारलं, कधीपासून? काका म्हणायचे, काही होतच नाही. कुठे दुखतं? कुठेच नाही. सगळ्या चाळीला खरं बोलायला शिकवणारी पोरगी बापाकडून एक खरं उत्तर काढू शकली नाही.

“मावशी, तुम्ही तरी सांगा त्यांना,” ती म्हणायची. मी सांगितलं. काका म्हणाले, “ताई, ती सहा वर्षं परक्या देशात बर्फात राहिली. मला डोकं दुखलं तर काय बिघडलं?” बाप हात पुढे करून बसलाय, लेक हात मागे बांधून उभी आहे, आणि मध्ये एक नंबर. तो नंबर यायच्या आत काकांना काही झालं असतं तर ती पोरगी जन्मात उभी राहिली नसती. हे तिला कळत होतं, मला कळत होतं, काकांना कळत नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

सहाव्या खेपेला ती पास झाली. निकाल माझ्याच कॉम्प्युटरवर बघितला. तिने तीनदा स्वतःचा रोल नंबर माझ्याकडून वाचून घेतला, मग शांतपणे म्हणाली, “आता कौन्सिलचा फॉर्म भरू या.” फॉर्म भरला, कागद जोडले. ती निघून गेली आणि दहा मिनिटांत काका आले. चेहरा असा फुललेला की मला पण रडू आलं.

“जय भीम, ताई. बॅनर काढायचा. मोठ्ठा. नाक्यावर लावायचा.”

आता आमच्याकडे बॅनर कशाचा लागत नाही? बारशाचा लागतो, बैलगाडा शर्यतीचा लागतो, कुणी नवी गाडी घेतली तरी लागतो. दोन मार्कांनी नापास होऊन परत उभ्या राहिलेल्या मुलीचा लागायला नको? मी मनापासून बसले. काकांच्या मोबाईलमधून तिचा कॉलेजातला फोटो घेतला, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. आदल्या महिन्यात एका दातांच्या डॉक्टरचा बॅनर केलेला, तेच डिझाईन उचललं. दातांचं चित्र काढलं, नाव बदललं, ‘डॉ.’ मोठं केलं. खालची ओळ राहू दिली, मला ती छानच वाटली. ‘रुग्णसेवेत रुजू. एकदा अवश्य भेट द्या.’

बॅनर लागला त्या दिवशी सुजाता साठे डॉक्टरांकडे होती. संध्याकाळी रिक्षातून उतरली, नाक्यावर स्वतःचा दहा फुटी चेहरा बघितला आणि तशीच माझ्या दुकानात आली. ओरडली नाही. “मावशी, शिडी आहे का?” एवढंच विचारलं. बॅनर उतरवला, पण तोवर दिवस गेलेला आणि कुणीतरी त्याचा फोटो काढलेला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. नंबर नसताना दवाखाना चालवते अशी तक्रार पालिकेकडे गेली, आणि कौन्सिलकडून तिला पत्र आलं, की पालिकेचा चौकशी अहवाल येईपर्यंत अर्ज पुढे जाणार नाही. साठे डॉक्टर मला म्हणाले, “यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आणि तेही ज्या मुलीने हात कधी दाखवलेच नाहीत तिच्या बाबतीत.” मी मान खाली घातली. मी आणि काका, आम्ही दोघं आठवडाभर एकमेकांकडे बघत नव्हतो.

सुजाता मला एक शब्द लावून बोलली नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बापाला मात्र ती एवढंच म्हणाली, “आता तरी दुसऱ्याकडे बीपी दाखवा.” काका म्हणाले, “आता तर मुळीच नाही. माझ्यामुळे अडलंय, मी पण अडून राहणार.”

मग एका सकाळी पालिकेच्या आरोग्य खात्यातल्या मॅडम चाळीत आल्या, बरोबर एक लिहिणारा माणूस. मी दुकान टाकून धावले. मॅडमनी चौकात उभं राहून विचारलं, “सुजाता मोरे इथे लोकांवर उपचार करतात का?” आवाज शांत, बाई चांगली वाटली. आणि आमच्या चाळीला वाटलं, बाई चांगली आहे, तर आपण पोरीबद्दल चांगलं बोलायला पाहिजे.

अहो, काय सांगू. एकेकाला चेव आला. तळमजल्यावरचा म्हणाला, “करते म्हणजे काय, माझा दमा तिनंच ओळखला.” वरून आवाज आला, “माझ्या सासूला तर मरणाच्या दारातून आणलं.” “मोठमोठे डॉक्टर तिच्यापुढे काही नाहीत, मॅडम.” आणि सगळ्यांवर कडी म्हणून मी पुढे झाले आणि म्हणाले, “माझे पित्ताचे खडे तिच्यामुळेच निघाले.” लिहिणारा माणूस भराभर लिहीत होता. मी वळून बघितलं तर सुजाता जिन्याच्या पायरीवर उभी. हात मागे. चेहरा पांढराफटक. त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला, की आम्ही तिला सर्टिफिकेट देत नव्हतो, तिच्याविरुद्ध साक्ष देत होतो.

“तसं नाही, मॅडम,” मी म्हणायला गेले. मॅडम म्हणाल्या, “आत्ताच तुम्ही सांगितलंत ना, बाई?” मोरेकाका भिंतीला धरून खाली बसले.

तेवढ्यात मागून यमुनाबाईंचा आवाज आला. सकाळची मासळी चाळीत द्यायला आलेल्या. टोपली खाली ठेवली, पदर खोचला.

“कसली गो डॉक्टरीण ही? कोण बोलतंय डॉक्टरीण?”

“आजी, तुम्हाला काही सांगायचं आहे का?” मॅडमनी विचारलं.

“सांगायचंच हाय. तीन वर्सं झाली हिला इथं येऊन. कुणाला एक हात लावला नाय तिनं. माझा पाय असा सुजलेला, मी बोलले, बघ गो बाय. तर पाठीला हात बांधून उभी. दाबून पण नाय बघितलं. बोलते, रिक्षात बस. रिक्षात बसवते तिला डॉक्टर बोलतात काय? मग सगळे रिक्षावाले पण डॉक्टरच. माझं बोट गेलं, हे बघा.” आणि त्यांनी चप्पल काढून पाय मॅडमसमोर धरला. “लिहा. यमुना कोळीण बोलते, लिहा. ही डॉक्टर नाय.”

मॅडमनी त्यांच्या पायाकडे बघितलं, मग जिन्यावर उभ्या पोरीच्या मागे बांधलेल्या हातांकडे बघितलं. मग चाळीकडे वळल्या. “आता मी विचारते तेवढंच सांगा. हिने तुमच्यापैकी कुणाला इंजेक्शन दिलं?” नाही. “गोळी?” नाही. “औषधाची चिठ्ठी?” नाही. “हात लावून तपासलं?” दम्यावाला कष्टाने म्हणाला, “हात तर लावत नाही हो ती, तेच तर दुखणं आहे.” “मग बरं कसं केलं?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी तळमजल्यावरची एक बाई म्हणाली, “विचारून.”

लिहिणाऱ्याने ते लिहिलं. यमुनाबाईंचा जबाब वेगळा घेतला, त्यांनी खाली अंगठा उमटवला आणि त्याची झेरॉक्स मीच काढून दिली. अख्ख्या अहवालात तिच्या बाजूने सगळ्यात जड कागद तो होता, आणि तो तिच्यावर चिडलेल्या बाईचा होता. जाताना यमुनाबाई सुजातापाशी थांबल्या, त्या काट्यानंतर पहिल्यांदा. “मी खोटं बोलले काय?” सुजाता म्हणाली, “नाही, मावशी. तुम्ही एकट्याच खरं बोललात.” यमुनाबाई हुं म्हणाल्या आणि तिच्या हातात नाही, तिच्या बापाच्या हातात दोन पापलेटं ठेवून गेल्या.

तात्पुरता नंबर आणखी दोन महिन्यांनी आला. मी म्हटलं, आता बघ बापाचं बीपी. ती म्हणाली, “हा नंबर इस्पितळातला आहे, मावशी. तिथे, मोठ्या डॉक्टरांसमोर. घरी अजून नाही.” माझ्या ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. काकांनी मात्र मान डोलावली. त्यांना ते पटलं. शेवटी तिचे बाप होते.

तर तो दिवस. कल्याणमधल्या पालिकेच्या इस्पितळातली ओपीडी, तिचं ते वर्षभराचं काम इथेच सुरू झालेलं. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेले, सकाळी सातपासून केसपेपरच्या लाईनीत. ओळख काढून आत जायला त्यांनी साफ नकार दिला. मी सोबत होते. आमच्या मागे यमुनाबाई, त्या साखरेच्या गोळ्या घ्यायला महिन्याला येतातच. पण त्या दिवशी त्यांना सुजाता बसते तीच ओपीडी हवी होती.

टेबलाशी मोठे डॉक्टर, शेजारच्या खुर्चीत सुजाता. पांढरा कोट. आमचा नंबर आला. काका बसले.

“नाव?” ती म्हणाली.

“भिकाजी मोरे.” काका ताठ बसून म्हणाले, वर्गात हजेरी द्यावी तसे.

“काय त्रास होतोय?”

“सकाळी डोकं दुखतं.”

“कधीपासून?”

“तू परत आलीस तेव्हापासून.”

तिचं पेन थांबलं. “नेमकं कुठे?”

“मागे. मानेच्या वर. जिना चढताना धाप लागते. कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. कशाने वाढतं, तर तुझा निकाल लागायचा असला की वाढतं. कशाने कमी होतं ते आज बघायचंय.” तीन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, अगदी तिने चाळीला शिकवलं होतं त्या क्रमाने. मग त्यांनी डावी बाही वर केली.

सुजाताचे हात टेबलाखाली होते. ते वर आले. मी त्या पोरीचे हात इतक्या वर्षांत नीट बघितलेच नव्हते. लहान होते, नखं कापलेली. तिने पट्टा गुंडाळला, कोपराच्या आत दोन बोटं ठेवून नाडी शोधली आणि डोळे मिटून घेतले. आकडा बघून ती मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, “सर, एकदा तुम्ही घेता का?” त्यांनी घेतलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, “गोळी आजच सुरू. आत्ताच ईसीजी. इतके दिवस काय करत होतात, आजोबा?”

“तीन वर्षं,” सुजाता म्हणाली. आवाज फाटला तिचा. “तीन वर्षं, बाबा. काही झालं असतं म्हणजे?”

काका तिच्याकडे बघत होते. “तू थांबलीस ना?” ते म्हणाले. “मग मी कसा पुढे जाणार?”

पट्टा सुटलेला होता, पण तिची दोन बोटं काकांच्या मनगटावरच राहिली. मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. मागे लाईन कुजबुजत होती, आणि यमुनाबाई दारातून म्हणाल्या, “आटप गो बाय, मी कवाची उभी हाय. पाय दुखतंय माझा.”

सुजाताने कोटाच्या बाहीने डोळे पुसले, चिठ्ठी लिहिली आणि काकांच्या हातात दिली. मी त्यांना धरून बाहेर बाकावर आणलं. त्यांनी बाही खाली घेतली नाही, ईसीजीला तसेच गेले आणि रिक्षात घरी येईपर्यंत बाही वरच होती. काकांना ओपीडीतून बाहेर आणताना दारातून वळून मी एकदा आत बघितलं होतं. यमुनाबाई स्टुलावर बसलेल्या, त्यांची चप्पल खाली, आणि सुजाता जमिनीवर मांडी घालून त्यांचा चार बोटांचा पाय दोन्ही हातांत घेऊन बसलेली.